सुपातलं इंजिन

इंजिन खोलणं सोपं असते. खरंच सांगून राहिली. पाना असला, थोडा जोर असला अन् घरच्यांनी जरा वेळ तोंड बंद ठेवलं तं कोणीबी खोलू शकते. कठीण काम नंतरचं. ते सांगतेच, पण पहिले गाडी कोणाची अन् खोलली काहून ते सांगते, नाही तं तुम्ही म्हणसान ही पोरगी रिकामी होती म्हणून खोलली. रिकामी होतीच म्हणा. बीएस्सी झालं होतं, वावरात धानाचा रोवणा लावून आटोपला होता, नोकरीचा पत्ता नव्हता. पण कारण ते नव्हतं.

गाडी बाबाची. शंभर सीसीची, काळी, बाजूले लाल पट्टा, आता पट्टा कमी अन् गंज जास्त. आमचं गाव आंधळगावच्या जवळ. बाबा शेती करते, पण खरं सांगू तं बाबाचं मुख्य काम म्हणजे फिरणं. सकाळी वावरात, मंग आंधळगावले चहा, मंग कोणाच्या घरी लग्नाची बैठक असली तं तिथं, कोणाची म्हैस पाहाची असली तं तिथं. रस्त्यानं कोणी दिसलं की गाडी थांबलीच समजा. त्याले मागं बसवलंच. गाडी नाही, एसटी बस म्हणा लागते. आई तं म्हणते, "तुह्या बाबाले सरकारनं तिकीट फाडाची मशीन द्याले पाहिजे."

तं ही गाडी उन्हाळ्यात धूर माराले लागली. निळा धूर. ऑइल टाकलं की आठवड्यात गायब. बाबा म्हणे, म्हातारी झाली, खोकलते. अन् मंग एक दिवस नदीपलीकडच्या बाजारातून भंडाऱ्याकडं येताना कारध्याच्या पुलावर बंद पडली. मागं आई बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी, खाली वैनगंगा, मागं ट्रकांची रांग अन् हॉर्नवर हॉर्न. दोघांनी ढकलत ढकलत पूल पार केला. आई घरी येऊन हसत सांगून राहिली होती, पण भाजीची पिशवी तिनं खाली ठेवलीच नव्हती. ते मी पाहिलं, अन् पुलाचं सगळं फोनवर दादानं ऐकलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. जवाहरनगरले फॅक्टरीत नोकरीले आहे, तिथंच क्वार्टरमध्ये राहते. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, आता बस करा ते गाडी. पुलावर काई होऊन गेलं असतं तं? पोळ्याले येतो मी. ही शोरूमवाल्याले देऊन टाकू अन् तुमच्यासाठी बॅटरीची स्कुटर पाहून ठेवली आहे, तेच घेऊन येतो."

बाबा म्हणे, "हो."

बस. एवढंच. आमचे बाबा, जे भाजीत मीठ कमी आहे का जास्त याच्यावरबी अर्धा तास वाद घालू शकते, ते "हो" म्हणून फोन माझ्या हातात देऊन छपरीत जाऊन बसले. छपरी म्हणजे आमच्या घराच्या पुढची पडवी. तिथून रस्ता दिसते.

अन् मंग ते तिथंच बसून राहाले लागले. वावरात पायी जायचे, पायी यायचे, बाकी बंद. मी घरीच असल्यामुळे मले दिसून राहिलं होतं. रस्त्यानं गाडीवाले जायचे, थांबायचे, "चाला ना भाऊ, आंधळगावले सोडून देतो." बाबा म्हणायचे, "नाही गा, काम नाही आज." काम कधी होतं? बाबाले आख्ख्या गावाले मागं बसवता येत होतं, पण स्वतः कोणाच्या मागं बसणं जमत नव्हतं. एकदा तं आंधळगावचा चहावालाच घरी विचाराले आला, तब्येत बरी आहे ना म्हणून. तो गेल्यावर आई मले म्हणे, "ह्या माणसाचं असंच राहिलं तं पोळ्यापर्यंत याले मुळं फुटतीन छपरीत."

मी दादाले फोन लावला. म्हटलं, पोळ्यापर्यंत गाडी चालू झाली तं?

"कोण करते चालू?"

"मी."

दादा इतका हसला की मी फोन कानापासून दूर धरला. मंग म्हणे, "तू शिलाई मशीन खोललं होतं तं आईनं वर्षभर हातानं टाके घातले."

"ते जोडलं नं नंतर."

"कर वं, कर. मी येऊन पाहीन. मले पटलं तं गाडी राहू देऊ. नाही पटलं तं मंग तुह्या तोंडातून आवाज नाही निघाला पाहिजे."

गावच्या मिस्त्रीले विचारून पाहिलं होतं मी. त्याच्या दुकानापुढं पाण्याच्या इंजिनांची रांग होती, पोळ्यानंतर आण म्हणे. त्याच्याकडून मी फक्त पाने मागून आणले. बाकी शिक्षण मोबाईलवर. एक तमिळ भाऊ भेटला व्हिडिओवाला, तो काय बोलते ते मले काडीचं समजत नाही पण त्याचे हात इतके साफ चालते ना की बोलायची गरजच नाही. मी त्याले थांबवून थांबवून पाहिलं. रोज पाहिलं. आई विचारे, हा कोण? मी म्हणे, माझे सर.

छपरीत गोणपाट टाकलं अन् सुरू. टाकी काढली, सायलेन्सर काढला, कार्बोरेटर काढला. नट-बोल्ट ठेवाले ताट घेतलं तं ते घरंगळून खाली. मंग माझी नजर गेली भिंतीवरच्या सुपावर. एकदम बरोबर वस्तू. तीन बाजूंनी कड, विण इतकी घट्ट की बारीक स्क्रूसुद्धा निसटत नाही, अन् जरासं हलवलं की बारीक पुढं येते, जड मागं राहते.

आई म्हणे, "ते धान पाखडाचं सूप हाये."

"धान नाही तं आता कुठं, आई. धान वावरात आहे."

"काळं झालं तं तुह्या सासरी पाठवीन, हेच सूप."

पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तं आईनं स्वतःच दुसरं सूप आणून ठेवलं होतं, अन् बोल्ट लांबीप्रमाणे लावून ठेवले होते. विचारलं तं म्हणे, मले असा गिचका, पसारा पाहवत नाही.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ते काढलं, त्याच्या खालचा ब्लॉक काढला. पिस्टन दिसला. मी ओरडलीच, "बाबा, पाहा ना." पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे होते, मांजरीनं नखं मारावी तसे. बाबा छपरीच्या दुसऱ्या टोकाले बसून होते, तिथूनच मान लांब करून पाहिलं अन् परत रस्त्याकडं तोंड केलं. मले राग नाही आला, खरं. ज्या गाडीवर तुम्ही एवढे फिरले तिचं पोट उघडं पडलेलं पाहणं सोपं नसन.

ब्लॉक पिशवीत घालून बसनं भंडाऱ्याले नेला, बोर करून म्हणजे आतून गुळगुळीत कोरून आणला, नवा पिस्टन अन् रिंगा आणल्या. येताना बसमध्ये बाजूची बाई पिशवीले हात लावून म्हणे, फणस आहे काय? मी म्हटलं हो. कोण सांगत बसते.

आता व्हॉल्व. हे माझं सगळ्यात आवडतं काम, म्हणून नीट सांगते. हेडमध्ये दोन व्हॉल्व असते, एकातून हवा-पेट्रोल आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर. ते आपल्या जागेवर एकदम घट्ट बसले पाहिजे, नाही तं इंजिनात दम राहत नाही. त्याच्यासाठी व्हॉल्वले एक करडी पेस्ट लावायची, वरून रबराची दांडी चिकटवायची अन् दांडी दोन तळहातांत धरून फिरवायची, इकडं तिकडं, इकडं तिकडं. मी फिरवून राहिली होती. दांडी निसटे, मी परत लावे. परत निसटे.

"असी नाही फिरवत." मागून बाबाचा आवाज आला. कधी येऊन उभे राहिले होते समजलंच नाही. "तू दाबून राहिली. दाबाचं नाही. ताक घुसळताना रई दाबते काय कोनी?"

"तुम्ही कधी ताक घुसळलं?"

"तुही आजी बाजारात गेली का मीच घुसळो." बाबा खाली बसले, धोतराचा काठ मांडीखाली घेतला अन् दांडी माझ्या हातातून घेतली. अन् काय सांगू तुम्हाले. अशी फिरली ती दांडी. आवाज पहिले खरखर यायचा, मंग हळूहळू बारीक, मंग रेशमावानी. बाबानं दोन्ही व्हॉल्व घासले. मी फक्त पेस्ट लावे. आई स्वयंपाकघरातून म्हणे, "लोणी निघालं तं मले आवाज द्या."

मंग हेड उलटं करून त्यात पेट्रोल ओतून पाहायचं असते, झिरपते का नाही. बाबा ते असं पाहत बसले, डोळे बारीक करून, जसं पाऊस पडल्यावर धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पाहते, पाणी कुठून फुटून तं नाही राहिलं. एक थेंब नाही आला. बाबा म्हणे, "धुरा पक्का हाये." अन् त्या दिवसापासून ते छपरीच्या माझ्या टोकाले बसाले लागले. पाठ रस्त्याकडं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक भानगड झाली. हेड अन् ब्लॉकच्या मधात जे पॅकिंग लागते ते दुकानदारानं दुसऱ्याच गाडीचं दिलं होतं. परत भंडारा. परत बस. मी सकाळची गेली ते संध्याकाळी आली, अन् अंधार पडायच्या आत हेड बसवून घेतलं. फक्त कार्बोरेटर उरला होता. तो मी आधीच खोलून, पेट्रोलनं धुऊन, सुपात पसरवून ठेवला होता. म्हटलं, सकाळी.

सकाळी बसवला. पार्ट जरासे ओशट लागत होते हाताले. मी म्हटलं आईचा तेलकट हात लागला असन, तिनं परत लांबीप्रमाणे लावले असतीन. फडक्यानं पुसले, फडकं पिवळं झालं. जुनं पेट्रोल सुकलं की पिवळं होते, हे मले माझ्या सरांनी दाखवलं होतं, म्हणून मी काई मनावर घेतलं नाही. घरात तं सकाळपासून तुपाचाच वास होता, सणाचा दिवस. सगळं जोडलं. एक बोल्ट उरला. आई म्हणे, "कंपनीनं वरचा दिला असन."

किक मारली. काहीच नाही. परत मारली. परत. बाबानं मारली. आई दारात उभी राहून पाहे, हाताले वाटलेलं पुरण तसंच. अन् मी मान वर केली तं दादा फाटकात उभा, स्कुटरवर. आवाजच आला नाही त्याचा. निळी स्कुटर, सीटवर अजून प्लॅस्टिकची पन्नी.

दादानं पिशवी ठेवली अन् सरळ किक माराले लागला. तो चिडवन असं वाटलं होतं मले. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यानं फक्त बाह्या वर केल्या. प्लग काढून पाहिला, ठिणगी निळी ठणठणीत पडत होती. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारली तं अंगठा असा उडाला की म्हणे, "दम तं लय आहे वं इंजिनात. हे तू केलं?" मी म्हटलं, मी अन् बाबानं. टाकीत पेट्रोल होतं. ठिणगी होती. दम होता. तरी एक साधा फुसका आवाजबी नाही.

शेवटी दादा शर्टानं तोंड पुसून माझ्या बाजूले बसला. "चांगलं केलं तू. खरंच. मले वाटलं नव्हतं एवढं करशीन." अन् तेच मले लागलं. चिडवलं असतं तं बरं झालं असतं. तो ज्या आवाजात बोलून राहिला होता, त्याचा अर्थ गाडी गेली असाच होता. मी बाबाकडं पाहिलंच नाही.

बाबा म्हणे, "राहू द्या नं आता. पोळा हाये आज. आज कोनी जुपते काय कोनाले? काल आवतन दिलं अन् आज कामाले लावता त्याले."

दादा म्हणे, "कोणाले आवतन दिलं?"

"गाडीले."

आता ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून खांदा सोलला असते ना, त्याले तूप-हळद चोळायची अन् म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. अन् पोळ्याच्या दिवशी बैलाले काम नाही, फक्त पूजा अन् जेवण. आमचे बैल विकून झाले, वावरात भाड्यानं ट्रॅक्टर येते. तेव्हापासून बाबा खांदमळणीले गाडीच्या हँडलले तूप-हळद लावते. वाह्याचं काम आता हेच करते म्हणे. आम्हाले सवय आहे. पोळ्याले गाडीचं हँडल पिवळं असणारच.

पण यंदा हँडल पिवळं नव्हतं. ते माझ्या डोक्यात आलं अन् मी सुपाकडं पाहिलं.

"बाबा, काल कशाले लावलं तुम्ही?"

"काल दिवे लागल्यावर तू दमून झोपली, तुही आई शेजारी गेली होती, मी एकटाच होतो. हँडलले लावणार होतो, मंग म्हटलं कष्ट तं याइनं केले."

"याइनं म्हणजे कोणी?"

"सुपातल्याइनं."

"सगळ्याइले लावलं?"

"मंग? एकाले लावाव अन् दुसऱ्याले सोडाव काय? जोडीतल्या दोन्ही बैलाइले लावा लागते."

"ते पितळेचे बारके होते दोन, मधात छिद्र असलेले?"

"त्याइले पहिले लावलं," बाबा म्हणे. "लहान होते नं."

आई दारातून म्हणे, "म्हणून वाटीतलं तूप गेलं. मी मांजरीले कालपासून शिव्या देऊन राहिली."

ते पितळेचे बारके म्हणजे जेट. कार्बोरेटरमधून पेट्रोल त्यांच्याच छिद्रातून इंजिनात जाते, अन् छिद्र सुईच्या टोकापेक्षाबी बारीक. पितळ पिवळं, हळद पिवळी, मले दिसणार कशी? रात्रीतून तूप थिजलं, हळद आत बसली, छिद्र बंद. इंजिनाले पेट्रोलचा थेंब भेटून नव्हता राहिला.

मी घाईघाईनं कार्बोरेटर परत खोलला. जेट काढून आभाळाकडं धरला. छिद्रातून उजेड दिसाले पाहिजे, दिसलाच नाही. पेट्रोलमध्ये बुडवला, वायरची एक बारीक तार काढून हळूच फिरवली. दादा म्हणे दे इकडं, अन् तोंडात धरून फुंकला. मंग थुंकत बसला. "तूप घरचं आहे," म्हणे. परत आभाळाकडं धरला. बारीकसा एक उजेडाचा ठिपका. दुसऱ्यातूनबी. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते, त्यांचा श्वास मानेले लागून राहिला होता. माझ्या हातातला पाना त्यांनी दोनदा घेतला अन् दोनदा परत दिला.

जोडलं. किक मारायले दादा पुढं झाला तं मी म्हटलं, बाबा मारतीन. बाबानं चप्पल काढली. पहिली किक फुकट गेली. दुसरीले इंजिन एकदा खोकललं. अन् तिसरीले धरलं. असं धरलं ना. पहिले थोडा धूर, त्या धुराले तुपाचा वास, मंग धूर साफ अन् आवाज एकदम गोल, कुठं खडखड नाही, कुठं टकटक नाही. शेजारचे कुंपणावरून पाहाले लागले. आईनं पुरणाचा हात तोंडाले लावला. मी काय केलं मले आठवत नाही, आई म्हणते की मी दादाच्या पाठीवर बुक्क्या मारून राहिली होती.

दादानं कान लावून ऐकलं, मंग पाय टाकून सीटवर बसाले गेला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, मी येऊन पाहीन, मले पटलं तं, असंच बोलला होता तो. बाबानं हात लांब करून चाबी फिरवली. बंद.

"आज नाही."

"बाबा, मले परत जायाचं आहे. एक चक्कर मारतो फक्त."

"आज पोळा हाये. उद्या."

दादानं माझ्याकडं पाहिलं, मी खांदे उडवले. तो मुक्कामाले थांबला. गाडीच्या टाकीले, हँडलले अन् इंजिनाले आईनं कुंकू लावलं, अन् पुरणपोळी इंजिनापुढं ठेवली. मंग सगळे जेवलो. दादा जेवताना म्हणे, चालू होणं वेगळं अन् कामाचं होणं वेगळं. मी म्हटलं, उद्या पाहाजो. पण आतून मलेबी भीती होतीच. तो उरलेला बोल्ट मी खिशात घेऊन फिरत होती.

सकाळी आवाजानं जाग आली. पळत बाहेर आली तं गाडी वळणाच्या पलीकडं गेलेली, फक्त आवाज येऊन राहिला होता. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, मंग आवाज धानात बुडाल्यासारखा झाला. दादा तोंडात ब्रश घेऊन आला, "कुठी गेले?"

आई म्हणे, "येतो म्हणे. कुठी ते सांगतलं काय कधी?"

फोन खाटेवरच पडलेला. दादा पहिले चिडला, नवीन इंजिन, कुठं बंद पडली तं, सांगून जात नाही, असं बरंच बोलला. मंग फाटकापर्यंत जाऊन आला. मी मनातल्या मनात सगळे बोल्ट परत कसून राहिली होती, कोणता ढिला राहिला असन, कोणत्या जागेचा तो उरलेला असन. चहा झाला. नाश्ता झाला. दादानं स्कुटरची चाबी घेतली, मी पाहून येतो म्हणे, मंग कोणत्या दिशेनं जाव तेच समजेना म्हणून परत ठेवली. दुपार व्हाले आली, तेव्हा आवाज आला. आम्ही दोघंबी एकाच वेळेले उठलो.

बाबा आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, टोपी मागं सरकलेली. गाडी छपरीत लावली. दादा सरळ खाली वाकला, इंजिनाखाली बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं. ब्लॉकजवळ हात नेला, गरम होतं, पण जेवढं असाव तेवढंच.

"कुठी गेले होते?" दादानं विचारलं.

"कुठी नाही. इकडं तिकडं."

आई म्हणे, "चाला, हात धुवा. ताट वाढते."

"नाही, मले भूक नाही," बाबा म्हणे. "जिथं गेलो तिथं बसवलं. पोळी खा म्हणे, वडे खा म्हणे. इतल्या दिवसाचं, नाही कसं म्हणाव?" अन् खाटेवर आडवे होऊन टोपी डोळ्यावर घेतली.

दादानं कोरडं बोट तरीबी पँटले पुसलं. मंग मले म्हणे, "ऑइल कधी बदलायचं असते नवीन इंजिनाचं?"

"लवकर. पहिलं ऑइल लवकरच काढा लागते."

"मंग येतो मी, तेव्हा बदलू. माझ्यासमोर बदल, मलेबी दाखव." त्यानं स्कुटरच्या सीटवरची पन्नी ओढून काढली. "हे मी क्वार्टरवर ठेवतो. ड्युटीले जायाले होते."

बाबाले मी आवाज दिला, गाडी राहिली हे सांगाले. ते केव्हाचे झोपून गेले होते.